चांगुणाचा मुका हात

ह्या माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, तेरणेच्या पान्याची शपथ, आन् माझ्या मागंपुढं जेवढी पोरंसोरं हायती त्या सगळ्यांची शपथ! ह्यातला एक शबूद खोटा न्हाय. निघाला तर माझी जीभ झडावी आन् कोंबडीनं उचलून न्यावी. गावात लोक म्हनत्यात, पुतळाबाई राईचा डोंगर करती. करते की. पर ही गोष्ट आधीच डोंगराएवढी हाय, तिला आनखी राई कुठं लावू?

साल शहाऐंशी. दुसरं कोरडं वरीस. त्या साली तेरणेच्या पात्रात एवढा फुफाटा व्हता की बगळं चालून चालून दमली आन् फाट्यावर एष्टीला हात करून बसून गेली. कंडक्टरनं तिकीट मागितलं न्हाय, येवढं मातुर खरं.

आमचं गाव माकनीच्या वरच्या अंगाला. खाली धरनाची भिंत उठत व्हती आन् भिंतीमागं पानी सोडून सगळं व्हतं. आमी बौद्धवाड्यातली मान्सं, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचो. सगळं गावच जायचं. दिस मावळला की कोन कोनाचा नवरा ते वळखू येत न्हवतं, सगळे पांढरे फटक.

माझी धाकटी जाऊ चांगुणा तेवढी खडीवर न्हवती. ती डेरीवर व्हती. डेरी म्हंजी गावची दूध संस्था. चेरमन कल्याणप्पा. पोटावर धोतर, डोक्याला टोपी, आन् दोन्हीच्या मधी निस्ता हुकूम. पर त्यानंच चांगुणाला खुर्ची दिली. सातवी पास व्हती ती, आन् आकडा वाचताना जीभ अडखळत न्हवती तिची. बौद्धवाड्यातली बाई दुधाला हात लावनार म्हनून चार घरांनी दूध आनायचं बंद केलं. मंग वैरन महागली तशी गुमान आली.

चांगुणाचं काम असं: दूध आलं की काचंच्या नळीत थोडं घ्यायचं, स्पिरिटच्या दिव्यावर धरायचं. गुळगुळीत ऱ्हायलं तर घ्यायचं. गुठळी धरली की परत. "न्या काकू, फुटलंय." रडा, भांडा, सासू-सासऱ्याची आन घाला, गुठळी म्हंजी परत. त्या खुर्चीवर बसली की तिची पाठ अशी ताठ व्हायची, जशी कुनी मागनं काठी लावलीय. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करनारी ती पयली. तिचा नवरा, माझा दीर गुलाब, तर कामावर जाताना डेरीवरनं वाट वाकडी करून जायचा, निस्तं तिला बसल्यालं बघायला.

पर पोरगी वाळत चालली व्हती. पोरांपुढं भाकरी सरकवायची आन् म्हनायची, "मला भूक न्हाय अक्का, डेरीवर चहा झालाय." बांगड्या कोपरापतूर वर जायच्या. आन् खोकायची. तोंडात पदर कोंबून खोकायची.

"चांगुणे, कवापासनं हाय गं ह्यो?"

"फुफाट्याचा हाय, अक्का. सगळ्या गावाला हाय."

"गाव खडी फोडतंय. तू दूध मोजतीस."

"तुमी डेरीवर नका बोलू हां असलं काय," ती म्हनली. डोळं मोठं करून म्हनली. "दुधापाशी खोकनारी बाई कोन ठिवील? खुर्ची जाईल माझी."

तेवढ्यात वरनं हुकूम आला, दुधाला हात लावनाऱ्यांची क्षयाची तपासनी करा. आन् त्याच हप्त्यात लुना फटफटत डॉक्टरीन आली. प्रमोदिनी तिचं नाव. तुळजापूरच्या मास्तरांची लेक. सोलापुरात डॉक्टरकी केली, मंग पुन्याला जाऊन काचंच्या ताटल्यात रक्तातल्या पेशी वाढवायला शिकली. लोक पुन्याला जाऊन घर बांधत्यात, ही पेशी वाढवून आली. चष्मा एवढा जाड की तिच्याकडं बघितलं की आपलंच तोंड दोनदा दिसायचं.

तिनं सगळं गाव शाळंत बोलावलं. मनगटाच्या वर, कातडीच्या आत, बारीक सुई. मसुराच्या दान्याएवढा फोड यायचा आन् जिरून जायचा.

"खाजवू नका, चुना लावू नका, हळद लावू नका," डॉक्टरीन म्हनली. "तिसऱ्या दिवशी दाखवायला या."

तिसऱ्या दिवशी माझ्या हातावर अशी फुगी आली, अशी फुगी आली, की चिमनीनं बघितली असती तर वर घरटं केलं असतं. लाल, टनक, कडंनं गरम. आन् चांगुणाचा हात? तव्यावानी सपाट. काय न्हाय. सुई कुठं टोचली ते बी सापडंना. गर्दी लई व्हती. डॉक्टरीन एका रांगंला, तिच्यासंगं आलेला मानूस दुसऱ्या रांगंला. त्यानं चांगुणाचा हात चाचपला, "शून्य" म्हनला आन् पुढच्याला बोलावलं.

आता बगा, आमचं गाव दुधाचं. दुधात गुठळी म्हंजी खराब, हे डेरीनं सगळ्यांच्या डोस्क्यात पक्कं बशिवलेलं. तवा हातावर गुठळी म्हंजी काय? मानूस खराब! ह्यात कुनाला शंका न्हवती. चांगुणाला तर मुळीच न्हाय. ती माझ्या फुगीकडं बघत ऱ्हायली आन् तिच्या डोळ्यात पानी आलं.

"अक्का," ती म्हनली, "तुमी फुटला की वं."

कल्याणप्पानं भर डेरीत सांगितलं, "चांगुणाबाई शून्य! म्हंजी चोख. बसा खुर्चीवर."

बाकीच्यांनी फुगी बाही-पदराखाली झाकली, म्या न्हाय झाकली, आन् मला मल्लिनाथच्या हाटेलात दांडी तुटल्याला कप मिळाला. भायेर, वळचनीला ठिवल्याला. आमास्नी येगळ्या कपाची सवय व्हतीच म्हना. मधी काय वर्सं मोडली व्हती.

"मल्लिनाथा," म्या म्हनले, "ह्यो कप वळखीचा वाटतोय रं. माझ्या सासऱ्याचाच न्हवं का?"

त्यानं खाली मान घातली. पर कप काय बदलला न्हाय.

म्या तशीच उठले आन् पंचायतीच्या खोलीत डॉक्टरनीपुढं जाऊन हात आपटला.

"ही फुगी काढून घ्या. तुमी दिलीय, तुमीच न्या."

तिनं माझी छाती तपासली. पाठीवर टकटक केलं. खोकला? न्हाय. ताप? न्हाय. भूक? म्या म्हनले, ते इचारू नका, दुष्काळ हाय.

"पुतळाबाई, तुम्हाला काही झालेलं नाही. कधीतरी क्षयाचा जंतू तुमच्या अंगात शिरला असेल. तुमच्या पेशी त्याला ओळखतात, एवढाच ह्या फुगीचा अर्थ. गावातल्या निम्म्या मोठ्या माणसांना आली आहे."

"मंग माझ्या जावंला का न्हाय आली? ती तर लई खोकती."

डॉक्टरीन लिहीत व्हती, तिचा हात थांबला. "खोकते? वाळली आहे का?"

"चिपाड झालीय."

"घाम? संध्याकाळचा ताप?"

म्या मान हलवली. मला तवा कळलं की म्या काय सांगून बसले.

"लाल फुगीला मी घाबरत नाही," ती म्हनली. "अशा सपाट हाताला घाबरते. तिचा बेडका तपासायला हवा. बोलवा तिला."

पर चांगुणा येती कशी! "म्या शून्य हाय. शून्याचा बेडका कशाला?" आन् हळूच, "डॉक्टरनीकडं गेलेलं कुनी बघितलं तर खुर्चीचं काय व्हईल, अक्का?" मंग म्या माझी अक्कल काढली. ती म्या अडीअडचनीलाच काढते, रोज वापरली तर झिजती.

सकाळी सकाळी डबी घिऊन तिच्या दारात गेले, तोंड एवढंसं करून.

"चांगुणे, डॉक्टरनीनं माझा बेडका मागितलाय. आन् माझा घसा बघ, तेरणेवानी कोरडा. काय येत न्हाय. तू दे की थोडा उसना."

"बेडका उसना?"

"पीठ देतीस, मीठ देतीस. तू शून्य हायस, चोख हायस. तुझा बेडका माझ्या नावानं दिला तर म्या सुटंन. मल्लिनाथ चांगल्या कपात चहा दिईल."

ती आधी हसली. खोकंपतूर हसली. मंग माझ्या हातातनं डबी घेतली. माझा जीव वाचवायला निघाली व्हती ती. खोल श्वास घिऊन, भिंतीला हात टेकवून, आतनं खरवडून तिनं डबी भरून दिली.

"घ्या. चांगला दिलाय," ती म्हनली. "कुनाला सांगू नका हां. आपल्यात ऱ्हाऊ द्या."

म्या डॉक्टरनीला जाऊन खरं सांगितलं, की ह्यो चांगुणाचा. तिनं डबीवर चांगुणाचंच नाव घातलं.

पुढच्या हप्त्यात लुना सरळ आमच्या दारात आली. चांगुणा डेरीवरनं नुकतीच आलेली. डॉक्टरनीला बघून तिनं माझाच हात धरला.

"बाई, अक्काचं काय निघालं?"

"पुतळाबाईंचं काही नाही," डॉक्टरीन म्हनली. "चांगुणा, तो बेडका तुझा होता ना? त्यात जंतू आहेत."

चांगुणानं माझा हात सोडला. माझ्याकडं बघितलं न्हाय. आपल्या सपाट हाताकडं बघितलं, आन् तिथं अंगठ्यानं दाबून बघितलं, जसं फळ पिकलंय का बघत्यात.

"पर ह्यो हात?" ती म्हनली. "ह्याला तर काय न्हाय. गुठळी न्हाय."

डॉक्टरीन पालथ्या घमेल्यावर बसली. आता ती जे बोलली ते म्या तिच्याच शब्दात सांगते, कारन त्यात मला एकबी गोष्ट वाढवायला जागा मिळाली न्हाय. म्या वाढवली की ती त्याहून मोठी सांगायची.

"रक्तात पांढऱ्या पेशी असतात," ती म्हनली. "त्यातल्या काहींना टी पेशी म्हणतात. एका पेशीला एकच शत्रू ओळखता येतो."

"आमच्या कुत्र्यावानी," म्या म्हनले. "त्याला फकस्त तलाठी वळखू येतो."

"तसंच समजा. आता जंतू शिरला की त्याला गिळणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. त्या जंतूचा तुकडा अंगावर मिरवत हिंडतात. ओळखणारी टी पेशी भेटली की तिला कळतं, हा तोच. पण नुसतं ओळखून ती उठत नाही. तिला आणखी एक खूण लागते, की बाई, खरंच धोका आहे. दोन्ही खुणा मिळाल्या तरच ती जागी होते."

"म्हंजी एकदा बोलावल्यावर उठत न्हाय. आमच्या गुलाबवानी," म्या म्हनले. चांगुणाच्या व्हटाला जरा वाक आला.

"जागी झाली की ती रस सोडते. पेशी एकमेकींना निरोप द्यायला असे रस सोडतात, त्यांना सायटोकाईन म्हणतात. हिच्या पहिल्या निरोपाचं नाव इंटरल्यूकिन दोन. त्याचा अर्थ एकच, वाढा. आणि गंमत म्हणजे ती स्वतःच निरोप सोडते आणि स्वतःच तो ऐकायला अंगावर कान उगवून घेते. ऐकला की एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ."

"आपनच हाळी द्यायची आन् आपनच व्हय म्हनायचं!"

"आजूबाजूच्या ज्या जाग्या झाल्यात, त्यांनाही ऐकू जाते ती हाळी. मग ह्या सगळ्या मिळून दुसरा निरोप सोडतात. त्याचं नाव गॅमा इंटरफेरॉन. त्यानं गिळणाऱ्या पेशी चवताळतात आणि गोळा होतात. सुई टोचली तिथं फुगी येते ती ही गर्दी. जमायला वेळ लागतो, म्हणून मी तिसऱ्या दिवशी हात बघते."

"मंग माझ्या हातावर सभा भरली व्हती म्हना की," म्या म्हनले. "हजार-दोन हजार तरी आसतील."

"लाखो."

"बघ गं चांगुणे! आन् लोक मला म्हनत्यात वाढवून सांगती."

चांगुणा हसली न्हाय. "मंग माझ्यात कुनी वळखनारंच न्हाय का?"

"आहेत. पण उपाशी अंगात ह्या पेशी कमी होतात, आणि ज्या असतात त्यांना रस सोडायला बळ नसतं. वाढा म्हणणारी हाळीच निघत नाही. दुसरं, आजार जुना झाला की गप बसा म्हणणारे निरोप वाढतात. तेही लागतात बरं का, नाहीतर गर्दी घरच मोडून टाकेल. पण तुझ्यात सध्या त्यांचंच चाललंय. आणि ज्या थोड्या जाग्या आहेत त्या सगळ्या छातीत लढायला गेल्या. हाताकडे यायला कोणी उरलं नाही."

चांगुणा पुढं सरकली. मंग इचारलं, "त्या मेल्यात का निस्त्या गप हायती?"

डॉक्टरीन चष्मा पुसत म्हनली, "पुण्यात मी अशाच एका सपाट हाताच्या माणसाच्या पेशी ताटलीत ठेवल्या होत्या. जंतूचा अर्क घातला. काही नाही. मग तो वाढा म्हणणारा रस बाहेरून घातला, दुसऱ्या पेशींनी सोडलेला. काही दिवसांनी पेशी वाढायला लागल्या. सगळ्यांच्याच ताटलीत असं झालं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्याच्या पेशी मेल्या नव्हत्या. त्यांना हाक पोचत नव्हती."

"मंग त्यो रस द्या मला."

"माणसाला देण्यासारखं औषध अजून त्याचं झालेलं नाही. तुझ्याच अंगानं तो बनवायचा. जंतू मारायला मी सुया आणि गोळ्या देते. तू खायचं. पोरांच्या आधी खायचं."

"आन् खुर्ची?"

डॉक्टरीन घमेल्यावरनं उठली. त्याचा अर्थ आमाला दोघींना कळला.

"बेडका साफ येईपर्यंत दुधापाशी बसायचं नाही," ती म्हनली. "पोरांनाही तपासायला आण."

चांगुणाचं तोंड तवा जसं झालं तसं म्या कुनाचं मेल्यावर बी बघितलं न्हाय. मरनाचं काय, ते सगळ्यांनाच येतं. खुर्ची पुन्ना येती व्हय?

दुसऱ्या दिवशी म्या न् डॉक्टरीन डेरीवर गेलो. सकाळचं दूध घिऊन गाडी गेली व्हती. कल्याणप्पा एकटाच, आन् अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा. उन्हानं कावळं आ वासून बसल्यालं आन् ह्यो मनगटापतूर गुंडी लावून! म्या तवाच मनात म्हनले, अप्पा, ह्यात कायतरी हाय.

डॉक्टरनीनं त्याला एकट्याला सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला.

"चांगली बाई. पर दूध हाय बाई, दूध. उद्यापासनं माझ्या साडूची पोरगी बशिवतो."

"साडूची पोरगी कशाला?" म्या म्हनले. "चांगुणा बरी व्हईपतूर म्या बसते. खुर्ची तिच्याच नावावर."

"तू? फुगीवाली? गाव दूध ओतून दिईल!"

"डॉक्टरीन सांगंल गावाला, फुगीत काय न्हाय म्हनून."

"सांगून कोन ऐकतंय? गुठळी ती गुठळी."

"बरं अप्पा. तेवढी ही पान्यानं भरल्याली किटली वर ठिवा. माझ्यानं उचलंना."

कल्याणप्पा वाकला. दोन्ही हातानं किटली उचलली. म्या मदतीला म्हनून त्याचा हात धरला आन् बाही कोपरापतूर सरकवली. त्याची फुगी! माझी चिमनीची असंल तर त्याची घारीची. सुई टोचून घ्यायला आला व्हता, दाखवायला मातुर आला न्हवता.

किटली हातात, बाही वर, खाली ठिवता येईना आन् झाकता येईना.

"पुतळे," तो हळूच म्हनला, "गाव माझ्या दारात पानी प्यायचं न्हाय गं."

"मल्लिनाथाकडं दांडी तुटल्याला कप हाय, अप्पा. आपन दोघं मिळून पिऊ."

डॉक्टरीन भिंतीकडं तोंड करून उभी व्हती. तिचं खांदं हलत व्हतं.

"तुमाला कायबी झालं न्हाय, ह्या बाई सांगतील," म्या म्हनले. "तरी तुमची बाही म्या खाली ठिवते. तुमी तिची खुर्ची ठिवा."

ठिवली त्यानं. वर पुन्ना, दुसऱ्या दिवशी डेरीच्या वट्ट्यावर उभा ऱ्हाऊन गावाला सांगितलं, की फुगी म्हंजी अंगात पहारा हाय, दुधाचा कायदा हाताला लावू नका. डॉक्टरनीपेक्षा जोरात सांगितलं. ती निस्ती मान हलवत व्हती. मल्लिनाथनं त्याच दिवशी दांडी तुटल्याला कप फेकला. तो जाऊन थेट मुरुमच्या बाजारात पडला आन् एकानं उचलून इकला, असं म्या ऐकलंय.

मंग चांगुणाचं औषध सुरू झालं. रोज सुई, मुठीनं गोळ्या. एका गोळीनं लघवी अशी लाल व्हायची की तिला वाटलं आता सगळं रगत चाललं. डॉक्टरीन म्हनली, गोळीचाच रंग हाय तो. पोरांच्या तपासन्या झाल्या, धाकट्याला गोळ्या दिल्या. आन् म्या तिच्यापुढं ताट घिऊन बसायचे. शेंगादाना, अंडं, हुलग्याचं माडगं. आन् दूध. एवढी वर्सं ती दूध मोजत व्हती, घोटभर कवा पोटात गेलं न्हवतं. पयल्या दिवशी तिनं पेला हातात घेतला न् उजेडाला धरला.

"बघतीस काय? पी."

"सवय हाय वं, अक्का."

इकडं खुर्चीवर म्या. मला कुठं आकडा वाचता येतोय? तर चांगुणा डेरीसमोरच्या बाभळीखाली, दुधापासनं लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसायची. म्या नळी दिव्यावरनं काढून उंच धरायची. ती तिथनं मान हलवायची, व्हय न्हायतर न्हाय. दुधातलं पानी मोजायची काडी किती बुडाली ते म्या बोटानं दाखवायची, आकडा ती बोटं करून सांगायची. आधी आधी तिचा आवाजच येत न्हवता, बाभळीपासनं डेरीपतूर पोचायचा न्हाय. निस्ती मान. मंग हळूहळू खोकला इरला आन् आवाज यायला लागला. एक दिस तिथनंच म्हनली, "अक्का, नळी तिरपी धरलीय!" गाव हसलं. म्या न्हाय हसले. म्या नळी सरळ धरली.

त्या वर्सी पाऊस आला का न्हाय ते इचारू नका, तो आपल्याच तोऱ्यात व्हता. पर चांगुणाच्या बांगड्या कोपरावरनं मनगटाशी आल्या. डॉक्टरीन दोनदा बेडका घिऊन गेली आन् दोन्ही टायमाला साफ.

"आता खुर्चीवर बस," ती म्हनली. "गोळ्या मात्र सांगितल्याशिवाय थांबवायच्या नाहीत."

"न्हाय बसत," चांगुणा म्हनली. "आधी सुई टोचा."

"अगं, त्याची गरज नाही. बेडका साफ आहे, तेवढं पुरे. आणि फुगी आली म्हणजे बरी झालीस, असाही त्याचा अर्थ नसतो."

"मला म्हाईत हाय. पर ह्या हातानं मला फशिवलं. त्याला बोलू द्या एकदा, मंग त्याच्यावर दूध सोपवते."

डॉक्टरनीनं तिच्याकडं बघितलं, पिशवी उघडली आन् टोचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डेरीवर दुधाची रांग लागल्याली. म्या खुर्चीवर. आन् चांगुणा पळत आली, वट्ट्यावर चढली, हात वर केला आन् अशी वरडली, अशी वरडली, "अक्का! उठली!" खाली माकनीच्या भिंतीवर मान्सांच्या हातातली घमेली पडली. रिकाम्या किटल्या घुमायला लागल्या. बाभळीवरची पाखरं उठून पार वाशीला गेली. फुगी अशी लाल, अशी टनक, रुपयाएवढी. सगळी रांग मोडून बाया बघायला धावल्या. कुनी बोट लावतंय, कुनी म्हनतंय खाजवू नको. मल्लिनाथ बशीसकट चहा घिऊन आला.

म्या खुर्चीवरनं उठले. कल्याणप्पानं आपल्या उपरन्यानं ती पुसली. चांगुणा बसली, पाठ ताठ केली, दिवा लावला. पयलं दूध नेमकं कल्याणप्पाच्याच घरचं. नळीत घेतलं, दिव्यावर धरलं, उजेडाला नेलं.

"न्या अप्पा," ती म्हनली, "फुटलंय."

आता संपलं. आन् शपथ घेतलीय म्हनून एक सांगून टाकते, न्हायतर कोंबडी टपूनच बसलीय. बगळं एष्टीत बसली ते खरं. बेडका उसना घेतला ते खरं. कल्याणप्पाची फुगी घारीची व्हती, ते त्याच्या मुलाला इचारा. पर एक म्या लावलं. चांगुणा वरडली न्हवती. ती पळत बी आली न्हाय. हळू चालत आली, पदर खांद्यावर घेतला, बाही वर केली आन् हात माझ्यापुढं धरला. तिचं व्हट हलत व्हतं, पर आवाज निघंना.

वरडले ती म्या.